अनुदान कापसाचं, पण कापूस पेरण्याची अट नाही : टेक्सासच्या एका काउंटीत सरकारी पैसा कसा पोचतो

टेक्सासच्या पश्चिमेला, लबक शहराच्या दक्षिणेला तासाभराच्या अंतरावर डॉसन काउंटी आहे. लमीसा हे तिचं मुख्य गाव. काउंटीची लोकसंख्या सुमारे १२ हजार. सपाट लालसर वाळूमिश्रित जमीन, वर्षाला जेमतेम १८-१९ इंच पाऊस आणि नजर पोचेल तिथवर कापूस. बहुतेक शेती कोरडवाहू.

इथे बांधाला बांध लागून असलेली दोन शेतं घ्या. एकात कापूस उभा आहे, दुसऱ्यात ज्वारी. वर्षअखेर कापसाचा भाव पडतो. सरकार भावातल्या फरकाचे पैसे देतं तेव्हा ते ज्वारीवाल्याच्या खात्यात जमा होतात आणि कापूसवाल्याला या योजनेतून एक डॉलरही मिळत नाही. यात ना चूक आहे ना भ्रष्टाचार. कायदाच तसा आहे. अमेरिकेतलं कापसाचं अनुदान समजून घ्यायचं तर ही विसंगती आधी उलगडावी लागते, कारण बाकी सगळे नियम तिच्याभोवती फिरतात.

बेस : जमिनीला चिकटलेला इतिहास

ज्वारीवाल्याच्या शेताला कापसाचा ‘बेस’ आहे, कापूसवाल्याच्या शेताला नाही. बेस म्हणजे त्या जमिनीवर पूर्वी ठरावीक वर्षांत कोणतं पीक किती एकर होतं, याची सरकारदरबारी झालेली नोंद. बेस जमिनीचा असतो, माणसाचा नाही. जमीन विकली की तो नव्या मालकाकडे जातो. एकदा बेस लागला की त्यावर यंदा काय पेरलं, याचा भाव-फरकाच्या पैशाशी संबंध उरत नाही. त्या एकरांवर फळं-भाज्या लावल्या तर मात्र काही मर्यादेपलीकडे पैसे कापले जातात.

आपल्याकडे सातबारा तलाठ्याकडे असतो, तशी तिथे ही नोंद एफएसए ऑफिसात असते. एफएसए म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी, केंद्रीय कृषी खात्याची तालुका कचेरीसारखी शाखा. कामकाजावर नजर ठेवायला शेतकऱ्यांनी मतदानाने निवडलेली काउंटी कमिटी असते. प्रत्येक शेताला फार्म नंबर, त्याखाली ट्रॅक्ट नंबर आणि त्याखाली फील्ड नंबर. हे सगळं ‘१५६-ईझेड’ नावाच्या कागदावर येतं. त्यावर पिकाचं नाव, बेसचे एकर आणि पीएलसी यील्ड, म्हणजे पैसे मोजण्यासाठी धरलेला एकरी उतारा, एका ओळीत छापलेले असतात. जमीन विकत किंवा भाड्याने घेताना जाणता शेतकरी मातीचा पोत बघतो, विहिरीचं पाणी बघतो आणि हा कागद मागतो. या ओळीत बेस शून्य असेल तर त्या जमिनीचं भाडं त्याच हिशेबाने ठरतं.

हा बेस आला कुठून? १९३३ साली मंदीत कापसाचा भाव कोसळला होता. तेव्हा रूझवेल्ट सरकारने उभं पीक नांगरून टाकायला शेतकऱ्यांना पैसे दिले. सुमारे १ कोटी एकरांवरचा कापूस मातीत गेला. कोणाला किती एकरांचे पैसे द्यायचे हे ठरवायला आधीच्या लागवडीची नोंद हवी होती. जमिनीच्या इतिहासावर पैसा देण्याची पद्धत तेव्हापासूनची. पुढे कायदे बदलले, इतिहासाची वर्षं बदलली, पद्धत टिकली.

मधे एक मोठं वळण आलं. २००२ साली ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली की अमेरिकेच्या अनुदानामुळे जगभर कापसाचा भाव पडतो. पुढच्या वर्षी बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकी देशांनीही हाच प्रश्न त्याच व्यासपीठावर मांडला. विदर्भातले कापूस उत्पादकही त्या काळात याच पडलेल्या जागतिक भावाशी झुंजत होते. ब्राझील जिंकला. अमेरिकेने २०१० पासून ब्राझीलच्या कापूस संस्थेला वर्षाला १४.७३ कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे आपल्या शेतकऱ्यांचं अनुदान बंद करण्याऐवजी अमेरिकेने ब्राझीलच्या शेतकऱ्यांसाठीही पैसे मोजले. माझ्या मते या सगळ्या कहाणीत इतकी बोलकी गोष्ट दुसरी नाही.

या दबावामुळे २०१४ च्या कायद्यात रुईला अनुदान मिळणाऱ्या पिकांच्या मुख्य यादीतून वगळलं. कापसाच्या बेसला ‘जेनेरिक बेस’ असं बिनपिकाचं नाव दिलं आणि बदल्यात ‘स्टॅक्स’ नावाचा खास कापूस विमा आणला. तो शेतकऱ्यांना पुरेसा वाटला नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये संसदेने कापूस परत यादीत घेतला. या वेळी तो ‘रुई’ म्हणून आला नाही, ‘सीड कॉटन’, म्हणजे सरकीसकट कापूस, म्हणून आला.

जेनेरिक बेसचं रूपांतर करताना मालकापुढे दोन पर्याय होते. एकात जेनेरिक बेसचे ८० टक्के किंवा २००९ ते २०१२ मधली कापसाची सरासरी लागवड, यांपैकी जे जास्त ते सीड कॉटनचा बेस होणार. दुसऱ्यात त्याच चार वर्षांत जी पिकं ज्या प्रमाणात होती, त्या प्रमाणात वाटणी होणार. उरलेला बेस ‘अनअसाइन्ड’ झाला, म्हणजे कागदावर आहे पण त्यावर पैसे नाहीत. म्हणून १५६-ईझेड वाचताना नुसता एकूण बेस बघून चालत नाही. त्यातला सीड कॉटन किती आणि अनअसाइन्ड किती, ते वेगळं बघावं लागतं. निवड जमीनमालकाची होती, कसणाऱ्याची नाही.

सीड कॉटन म्हणजे आपला कापूस

मराठी वाचकाला हा शब्द अमेरिकन शहरी माणसापेक्षा लवकर कळेल. शेतातून वेचून आणतो तो कापूस. जिनिंगमध्ये त्यातून रुई आणि सरकी वेगळी होते. सीड कॉटन म्हणजे सरकीसकट कापूस.

फरक एवढाच की अमेरिकेत कापूस या रूपात कोणी विकतच नाही. शेतकरी माल जिनला नेतो, गाठी शेतकऱ्याच्याच नावावर राहतात आणि सरकी बहुतेक वेळा जिनिंगच्या खर्चापोटी वळती होते. त्यामुळे सीड कॉटनचा बाजारभाव असा नसतोच. कृषी खातं तो हिशेबाने काढतं. एक पौंड रुईमागे १.४ पौंड सरकी धरतात, म्हणून रुईच्या एकरी उताऱ्याला २.४ ने गुणलं की कापसाचा एकरी उतारा येतो. भाव काढताना रुई आणि सरकी या दोन्हींच्या वर्षभराच्या सरासरी भावाला उत्पादनाच्या प्रमाणात वजन देतात.

आकडे घालून बघू. हे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. रुई पौंडाला ६४ सेंट, सरकी टनाला २०० डॉलर. तिथला टन २,००० पौंडांचा, म्हणजे सरकी पौंडाला १० सेंट. एक पौंड रुईचे ६४ आणि १.४ पौंड सरकीचे १४, मिळून ७८ सेंट. २.४ ने भागलं की ३२.५ सेंट. हा झाला कापसाचा पौंडाचा भाव.

आता सरकारने कायद्यात ठरवलेला संदर्भभाव. २०१८ पासून तो ३६.७ सेंट होता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने २०२५ च्या पिकापासून तो ४२ सेंट केला. आपल्या मापात हे क्विंटलला सुमारे ९२.६ डॉलर होतात. डॉलर ८५ ते ९० रुपयांच्या दरम्यान धरला तर साधारण ७,९०० ते ८,३०० रुपये. भारताचा २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये आहे. म्हणजे दोन्ही सरकारं जवळपास एकाच आकड्याला कापसाचा रास्त भाव म्हणतात. पण आपल्याकडे सीसीआय, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, तो कापूस प्रत्यक्ष विकत घेते. तिथे सरकार या योजनेत काही विकत घेत नाही. बाजारभाव आणि संदर्भभाव यांतला फरक थेट खात्यात टाकतं. आपल्याकडे ज्याला ‘भावांतर’ म्हणतात तीच ही कल्पना, फक्त पेऱ्याच्या ऐवजी बेसवर.

एका शेताचा हिशेब

या योजनेचं नाव पीएलसी, म्हणजे भावाच्या नुकसानीपासून संरक्षण. समजा डॉसन काउंटीतल्या एका शेताला सीड कॉटनचा ४०० एकर बेस आहे. कागदावरचा उतारा एकरी ३५० पौंड रुई. कापसात मोजला तर २.४ पटीने ८४० पौंड, म्हणजे एकरी ३.८ क्विंटल. वऱ्हाडातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा आकडा ओळखीचा वाटेल.

पैसे सगळ्या बेसवर मिळत नाहीत, ८५ टक्क्यांवरच मिळतात. ४०० चे ३४० एकर. ३४० गुणिले ८४०, म्हणजे २,८५,६०० पौंड. संदर्भभाव ४२, बाजाराचा सरासरी भाव ३२.५, फरक ९.५ सेंट. गुणाकार २७,१३२ डॉलर. यातून ‘सीक्वेस्ट्रेशन’ नावाची ५.७ टक्के सरकारी कपात जाते, १,५४७ डॉलरची. हातात येतात २५,५८५ डॉलर. जुन्या ३६.७ च्या संदर्भभावाने कपातीआधी हीच रक्कम ११,९९५ डॉलर झाली असती. संदर्भभाव ५.३ सेंटांनी वाढला आणि रक्कम दुपटीहून जास्त झाली. वॉशिंग्टनमध्ये या एका आकड्यासाठी एवढी रस्सीखेच का होते, ते यावरून कळेल.

या हिशेबात यंदाचं पीक कुठेच आलं नाही, हेही बघा. गारपिटीने सगळा कापूस झोपला तरी २५,५८५ आणि बंपर पीक आलं तरी २५,५८५. पाणी, खत, बियाणं यांत सुधारणा करून कोणी उतारा दुप्पट केला तरी कागदावरचे ३५० पौंड तसेच राहतात. २०१८ च्या कायद्याने २०१३ ते २०१७ च्या उताऱ्यावरून हा आकडा सुधारून घ्यायची एकदाच संधी दिली होती. ज्या मालकांनी तेव्हा सही केली नाही, त्यांच्या जमिनीवर जुना, कमी आकडा आजही चालू आहे. दूर शहरात राहणारे वारसदार असले की हे हमखास घडतं. त्यांना टपालाने आलेल्या कागदाचं महत्त्व कळत नाही आणि कसणाऱ्याला सही करायचा अधिकार नसतो.

दुसरा पर्याय एआरसी. तो भावावर चालत नाही, संपूर्ण काउंटीच्या एकरी उत्पन्नावर चालतो. गेल्या पाच वर्षांतलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढतात, उताऱ्याची वेगळी आणि भावाची वेगळी, आणि दोन्हींचा गुणाकार करतात. काउंटीचं यंदाचं उत्पन्न त्याच्या ९० टक्क्यांखाली गेलं तर पैसे मिळतात, तेही जास्तीत जास्त १२ टक्क्यांपर्यंतच. २०२५ पूर्वी हे आकडे ८६ आणि १० होते. इथे फसगत होते ती अशी : तुमच्या शेतावर गारपीट झाली, पण काउंटीतल्या बाकीच्यांचं पीक बरं आलं, तर एआरसीतून काही मिळत नाही. काउंटी बुडाली आणि तुमचं शेत वाचलं, तर मात्र मिळतं. दोन्हींतून एकच पर्याय निवडायचा असतो. फक्त २०२५ च्या पिकासाठी सरकार स्वतःच दोन्हींपैकी जास्त असेल ती रक्कम देणार आहे.

पैसा येतो कधी? २०२५ चा कापूस मे महिन्यात पेरला. त्याचं विपणन वर्ष १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२६. तोवर सरासरी भाव पक्का होत नाही. रक्कम जमा होते १ ऑक्टोबर २०२६ नंतर. पेरणीपासून जवळपास १७ महिने. मधल्या काळात डिझेल, बियाणं, मजुरी सगळं बँकेच्या पीककर्जावर चालतं. म्हणून बरेच शेतकरी हे येणारे पैसे सीसीसी-३६ या कागदाने आधीच बँकेच्या नावावर करून ठेवतात.

सह्या आणि तारखा

सगळं इथेच अडतं. पैसे मंजूर व्हायला कसणाऱ्याचे चार-पाच कागद फाइलला लागलेले असावे लागतात. एडी-१०२६ म्हणजे धूप होणाऱ्या जमिनीचं आणि पाणथळीचं संरक्षण करू, अशी हमी. सीसीसी-९०२ म्हणजे शेती कोण, कोणाच्या भांडवलावर आणि कोणाच्या श्रमावर करतं याचा तपशील. सीसीसी-९४१ म्हणजे उत्पन्नाचा दाखला. तीन वर्षांचं सरासरी समायोजित एकूण उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर असेल तर पैसे नाहीत. मग योजनेचा करार, ज्याची मुदत साधारणपणे १५ मार्चला संपते. आणि सर्वांत महत्त्वाचा एफएसए-५७८, म्हणजे पीकपेऱ्याचा अहवाल.

५७८ हा आपल्या ई-पीक पाहणीचा भाऊ. कापसासाठी बहुतेक राज्यांत १५ जुलैपर्यंत कचेरीत जाऊन हवाई नकाशावर प्रत्येक फील्डमध्ये काय पेरलं, किती एकर, कोणत्या तारखेला, कोरडवाहू की ओलिताचं, आणि त्यात कोणाचा किती हिस्सा, हे नोंदवायचं असतं. महाराष्ट्राने २०२३ च्या खरिपातल्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी ५,००० रुपये दिले, तेव्हा ई-पीक पाहणीत नोंद नसलेल्यांची जी धावपळ झाली ती आठवा. तिथेही तीच गत. बेसवर पैसे मिळायला त्या एकरांवर कापूस असण्याची गरज नाही, पण त्यावर काय आहे याचा अहवाल मात्र लागतो. पेरून जळालेलं क्षेत्रसुद्धा दाखवायचं असतं. वेळेत दाखवलं नाही तर उशिराचं शुल्क भरावं लागतं आणि शेतात जाऊन पिकाचा पुरावा दाखवावा लागतो. तो पुरावा वाळूच्या वादळात उडून गेलेला असेल तर काय दाखवणार?

सर्वांत जास्त भांडणं हिश्शावरून होतात. टेक्सासच्या या भागात जमीन बटाईने द्यायची जुनी रीत आहे. कापसाचा चौथा हिस्सा मालकाला, तीन हिस्से कसणाऱ्याला. अशा करारात सरकारी पैसाही त्याच प्रमाणात वाटायचा असतो. वरच्या उदाहरणात मालकाला सुमारे ६,३९६ आणि कसणाऱ्याला १९,१८९ डॉलर. भाडं ठोक रोखीने ठरलं असेल तर सगळी रक्कम कसणाऱ्याची, कारण जोखीम त्याची.

अडचण येते मधल्या प्रकारांत. भाडं रोखीने, पण ‘पीक चांगलं आलं तर इतकं जास्त’ अशी तोंडी बोली असेल, तर कचेरी तो करार बटाईचा धरू शकते. मग करारात कसणाऱ्याचे म्हणून लिहिलेले १०० टक्के चुकीचे ठरतात आणि रक्कम व्याजासकट परत मागितली जाते. म्हणून भाडेकरार लेखी हवा आणि ५७८ वरचा हिस्सा, योजनेच्या करारावरचा हिस्सा आणि विम्यावरचा हिस्सा तिन्ही जुळायला हवेत. विमा कंपनी आणि एफएसए एकमेकांचे आकडे ताडून बघतात. फरक दिसला की पैसा थांबतो.

जमिनीची वाटणी झाली, तुकडा विकला, दोन फार्म एकत्र केले की फार्म नंबरची पुनर्रचना करावी लागते. आपल्या फेरफारासारखंच ते. त्या वर्षासाठी तो धरला जायला हवा असेल तर अर्ज १ ऑगस्टच्या आत जावा लागतो. विकत देताना बेस कोणाकडे किती जाईल हे खरेदीच्या वेळीच लिहून घेतलं नाही तर तो सहसा जमिनीच्या प्रमाणात विभागला जातो, आणि कोरडवाहू तुकड्यासोबत ओलिताच्या तुकड्याचा बेस निघून गेल्याचं नंतर लक्षात येतं.

एका व्यक्तीला वर्षाला किती मिळू शकतं यालाही मर्यादा आहे. ती १,२५,००० डॉलर होती, २०२५ पासून १,५५,००० झाली. वरच्या दराने ती साधारण २,३०० ते २,४०० एकर बेसवर गाठली जाते. पती-पत्नी दोघंही शेतीत असतील तर दोन मर्यादा. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराची वेगळी, पण प्रत्येकाने भांडवल, जमीन किंवा यंत्रं आणि शिवाय श्रम किंवा व्यवस्थापन यांत खरा वाटा उचलला पाहिजे. मोठ्या शेतांचे कागद वकील तयार करतात, आणि लहान शेतकरी ऑफिसच्या काउंटरवर उभा राहून भरतो. नियम दोघांना एकच आहे, तरी ही विषमता खुपते.

गाठीवरचं कर्ज

आतापर्यंतचं सगळं कागदावरच्या कापसाचं. खऱ्या, हातात आलेल्या रुईवर मिळणारी मदत वेगळी आहे आणि ती बेस नसलेल्यालाही मिळते.

जिनमधून निघालेली गाठ साधारण ४८० पौंड रुईची, म्हणजे २१८ किलोची. आपली गाठ १७० किलोची असते. प्रत्येक गाठीला एक टॅग लागतो, त्यावर जिनचा कोड आणि त्या गाठीचा स्वतःचा नंबर. दोन्ही बाजूंनी थोडी रुई कापून नमुना कृषी खात्याच्या प्रतवारी केंद्रात जातो. तिथे यंत्रावर रंग, धाग्याची लांबी, मायक्रोनेअर (धाग्याचा बारीकपणा), ताकद हे सगळं मोजून त्या नंबरवर चढवलं जातं. प्रत्येक गाठीचा असा दाखला असल्यामुळे सरकार गाठ न बघता तिच्यावर कर्ज देऊ शकतं.

मूळ प्रतीच्या रुईवर हे कर्ज पौंडाला ५२ सेंट होतं, २०२६ च्या पिकापासून ५५ सेंट. प्रत चांगली असेल तर वाढतं, मायक्रोनेअर ३.५ च्या खाली गेलं किंवा पालापाचोळा जास्त असेल तर कमी होतं. मुदत ९ महिने. भाव चढला तर कर्ज फेडून गाठ विकायची. भाव पडला तर, आणि हीच मेख आहे, कर्ज पूर्ण फेडावं लागत नाही. सरकार दर गुरुवारी रुईचा ‘समायोजित जागतिक भाव’ जाहीर करतं. तो कर्जदराच्या खाली असेल तर त्या कमी भावाने फेडलं तरी चालतं. समजा कर्ज ५५ सेंट, जागतिक भाव ५०. पाच सेंटांचा फायदा, गाठीमागे २४ डॉलर. कर्ज न घेताच हा फरक रोख मागता येतो, त्याला एलडीपी म्हणतात. यातला काहीच मार्ग पटला नाही तर गाठ सरकारला सोडून द्यायची.

इथली सर्वांत महाग चूक एकच. एलडीपीचा अर्ज, सीसीसी-६३३ ईझेड, गाठीवरचा हक्क शेतकऱ्याकडे असतानाच द्यावा लागतो. माल आधी विकला, व्यापाऱ्याच्या ताब्यात गेला आणि मग अर्ज केला तर हक्क संपलेला असतो आणि पैसे मिळत नाहीत. म्हणून जाणते शेतकरी वेचणी सुरू व्हायच्या आधीच त्या अर्जाचं पहिलं पान सही करून कचेरीत देऊन ठेवतात.

विमा, आणि वेळोवेळी येणारा पैसा

डॉसनसारख्या कोरडवाहू काउंटीत शेतकऱ्याला प्रत्यक्ष तारतो तो पीकविमा. खाजगी कंपन्या विकतात, पण हप्त्याचा मोठा भाग केंद्र सरकार भरतं. स्टॅक्सच्या हप्त्याचे तर ८० टक्के सरकारचे. टेक्सासच्या या पठारावर विमा घ्यायची शेवटची तारीख १५ मार्च असते, म्हणजे पेरणीच्या दीड-दोन महिने आधी. आभाळ बघून विमा ठरवता येऊ नये म्हणून. २०२२ च्या दुष्काळात टेक्सासमध्ये पेरलेल्या कापसातलं अर्ध्याहून जास्त क्षेत्र वेचणीलाच आलं नाही. त्या वर्षी भाव चांगला असल्यामुळे पीएलसीचा उपयोग नव्हता. कर्जाचे हप्ते गेले ते विम्याच्या भरपाईतून.

विम्यात काय बिघडतं तर मुख्यतः घाई. नुकसान दिसल्यापासून ७२ तासांत कळवायचं असतं. जूनमध्ये वाळूच्या वादळाने रोपं कापली की शेतकऱ्याला जमीन उडू नये म्हणून लगेच नांगर फिरवायचा असतो. पण सर्वेक्षक येऊन ओळीतली जगलेली रोपं मोजून परवानगी देत नाही तोवर पीक मोडायचं नाही. मोडलं तर दावा गेला. आणखी एक अट २०१८ च्या कायद्यातली : ज्या शेताचा सीड कॉटन बेस पीएलसी किंवा एआरसीत नोंदवला, त्या शेतावर स्टॅक्स घेता येत नाही. एजंटने विकलं आणि कचेरीत करारही झाला, तर एक रद्द होतं.

या सगळ्यांवर, संकटाच्या वर्षी वेगळे पैसे येतात. २०१८ मध्ये चीनशी व्यापारयुद्ध पेटलं तेव्हा कापसाला पौंडामागे ६ सेंट दिले गेले. २०१९ मध्ये ते काउंटीनिहाय एकरी १५ ते १५० डॉलर झाले. २०२५ मध्ये खर्च-भावाचा मेळ बसेना म्हणून २०२४ च्या पिकासाठी कापसाला एकरी ८४.७४ डॉलर जाहीर झाले. हे पैसे बेसवर नसून प्रत्यक्ष पेऱ्यावर होते आणि ते ५७८ वरूनच ठरले. सुरुवातीच्या त्या दोन शेतांपैकी कापूसवाल्याला इथे मिळालं.

काउंटीची यादी वाचताना

अमेरिकेत कोणाला किती शेती अनुदान मिळालं हे सार्वजनिक असतं. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप ही संस्था काउंटीनिहाय, नावानिशी आकडे मांडते. ते वाचताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. आकडा ज्या वर्षाचा दिसतो ते पैसे मिळाल्याचं वर्ष असतं, पिकाचं नव्हे. ऑक्टोबर २०२६ मध्ये दिसणारा पीएलसीचा आकडा २०२५ च्या कापसाचा असेल. नाव जमीनमालकाचं असू शकतं, जो कधीच ट्रॅक्टरवर बसलेला नाही. सहकारी संस्थेच्या नावावर दिसणारी मोठी रक्कम पुढे शेकडो सभासदांत वाटलेली असते. आणि पीकविम्याची व्यक्तिगत माहिती जाहीर होत नाही, त्यामुळे दुष्काळी वर्षी काउंटीत प्रत्यक्ष आलेला सर्वांत मोठा पैसा नावांच्या यादीत दिसतच नाही. यादीत अव्वल असलेला माणूस सर्वांत जास्त कापूस पिकवणारा असेलच असं नाही. ते ठरतं १५६-ईझेडवरच्या त्या एका ओळीवरून आणि भाडेकराराच्या हिश्शावरून.